रामनदीत स्वतःचे पाणी किती? : प्रकल्प नोंदी, 2024

21 जानेवारी 2024

रामनदी मुळशी तालुक्यात खाटपेवाडीच्या तलावाजवळ उगम पावते आणि भुकूम, भूगाव, बावधन, पाषाण, सोमेश्वरवाडी, बाणेर अशी सुमारे 19 किलोमीटर वाहून औंधजवळ मुळेला मिळते. वाटेत भूगावचा मानस तलाव आणि इंग्रजांच्या काळात बांधलेला पाषाण तलाव लागतो. वरचा भाग पीएमआरडीएच्या (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या) हद्दीत आणि खालचा पुणे महापालिकेच्या हद्दीत असल्यामुळे एकाच नदीचे कागद दोन कार्यालयांत विभागलेले आहेत. बावधन बुद्रुक जून 2021 मध्ये महापालिकेत आले, भूगाव आणि भुकूम बाहेरच राहिले. नदी मात्र या हद्दी न जुमानता आपल्या उताराने जाते.

आमच्या गटाने या वर्षासाठी एकच प्रश्न घेतला आहे. पाऊस संपल्यानंतर या नदीत जे पाणी वाहताना दिसते, त्यापैकी नदीचे स्वतःचे किती आणि शहराने वापरून सोडलेले किती? बाणेरच्या पुलावरून ऐन एप्रिलमध्येही पाणी दिसते आणि त्यावरून नदी बारमाही आहे असा समज होतो. तो समज तपासल्याशिवाय पुनरुज्जीवनाच्या कोणत्याही आराखड्याला अर्थ नाही, असे माझे मत आहे.

4 फेब्रुवारी 2024

मोजमापाची पद्धत ठरली. महागडी यंत्रे आमच्याकडे नाहीत आणि या कामासाठी त्यांची गरजही नाही. पात्र सरळ आणि तळ बऱ्यापैकी सपाट असेल अशी जागा निवडायची, काठाने दहा मीटरचे अंतर आखून दोन्ही टोकांना सुतळी ताणायची, वरच्या सुतळीच्या अलीकडे नारळाची करवंटी पाण्यात सोडायची आणि तिला दोन सुतळ्यांमधले अंतर कापायला लागणारा वेळ स्टॉपवॉचवर घ्यायचा. करवंटी मध्यधारेतून एकदा, दोन्ही काठांजवळून एकेकदा, असे करत सरासरी काढायची. पृष्ठभागावरचे पाणी तळाजवळच्या पाण्यापेक्षा वेगाने वाहते, म्हणून आलेल्या वेगाला 0.85 ने गुणायचे. दर अर्ध्या मीटरवर काठीने खोली मोजून पात्राचा छेद, म्हणजे आडव्या कापाचे क्षेत्रफळ, काढायचा आणि वेग व छेद यांचा गुणाकार म्हणजे प्रवाह.

जोडीला पाण्याची विद्युतवाहकता मोजायची. साबण, मीठ, मूत्र आणि अन्नाचे अंश यांमुळे मैलापाण्यातले क्षार वाढतात आणि वाहकताही वाढते. त्यामुळे वाहकतेचा आकडा एखाद्या जागी अचानक चढला, तर त्या जागेच्या वर कुठेतरी पाइप आहे हे ओळखता येते. पाइप पुष्कळदा झुडपात किंवा संरक्षक भिंतीच्या पायाशी असतो आणि डोळ्यांना दिसत नाही.

3 मार्च 2024

भुकूम आणि भूगाव. पावसाळ्यानंतर ओढ्यात येणारे पाणी आकाशातून येत नाही, ते काठच्या जमिनीतून येते. आपला हा सगळा प्रदेश काळ्या पाषाणाचा. या खडकाचे थर एकावर एक रचलेले असून काही थरांत बारीक छिद्रे आणि भेगा असतात, तर काही घट्ट आणि जवळजवळ कोरडे असतात. वरच्या झिजलेल्या भागात, म्हणजे मुरमात, पावसाचे पाणी साठते आणि हळूहळू उताराकडे सरकत ओढ्याच्या काठाशी बाहेर पडते. भूजलाची पातळी ओढ्याच्या तळापेक्षा वर असेल तोवर जमीन ओढ्याला पाणी देते. पातळी तळाखाली गेली की व्यवहार उलटा होतो आणि ओढ्यातलेच पाणी जमिनीत मुरू लागते.

भुकूममधल्या एका जुन्या विहिरीवर थांबलो. विहिरीचे मालक सत्तरीच्या पुढचे आहेत. त्यांच्या लहानपणी मोटेने पाणी उपसूनही उन्हाळ्यात विहिरीत परस-दीड परस (परस म्हणजे पुरुषभर खोली) पाणी राहत असे. आता दिवाळीनंतर तळ दिसू लागतो आणि होळीपर्यंत विहीर कोरडी होते. "बोअर आल्या आणि विहिरी गेल्या, तुम्ही लिहून घ्या," असे ते म्हणाले. विहिरीच्या आतल्या दगडावर जुन्या पाण्याच्या पातळीची पांढुरकी रेघ अजून स्पष्ट दिसते.

परिसरातल्या कित्येक सोसायट्या बोअर आणि टँकरवर चालतात. टँकरचे पाणीही पुष्कळदा जवळच्याच विहिरींतून भरले जाते. म्हणजे बोअर आटल्यावर टँकर मागवणारी सोसायटी त्याच साठ्यातून दुसऱ्या तोंडाने पाणी घेते. महाराष्ट्राच्या 2009 च्या भूजल कायद्यात 60 मीटरपेक्षा जास्त खोल विहिरींवर निर्बंधाची तरतूद आहे. बोअरचे मशीन गावात आले की किती फूट गेले याची चर्चा मात्र पाणी कुठे लागले एवढ्यापुरतीच होते. या उपशाची एकत्रित मोजणी होत नाही तोवर नदीचे खाते अर्धेच लिहिले जाईल.

24 मार्च 2024

बावधन आणि चांदणी चौक. चांदणी चौकाची खिंड हा जलविभाजक आहे: कोथरूडच्या बाजूला पडलेला पाऊस मुठेकडे जातो, बावधनच्या बाजूला पडलेला रामनदीकडे. या टेकड्या नदीचे खरे कोठार आहेत, कारण उतारावरच्या गवतात आणि मुरमात मुरलेले पाणी पायथ्याशी झऱ्यांच्या रूपाने बाहेर येते. बावधनमध्ये असे जिवंत झरे आजही आहेत आणि रहिवाशांनी त्यांच्यासाठी आवाज उठवलेला आहे.

आज एका झऱ्यापाशी बराच वेळ बसलो. घट्ट खडकाच्या थरावर भेगाळलेला थर टेकला आहे आणि दोन्हींच्या सांध्यातून पाणी एका रेषेत ठिबकते. त्या रेषेवर नेचे आणि शेवाळ वाढले आहे, वर आणि खाली मात्र दगड कोरडा आहे. टेकडी फोडताना किंवा इमारतीच्या तळघरासाठी खोदताना ही रेषा कापली गेली, की पाणी झऱ्याकडे न जाता त्या खड्ड्यात उतरते. मग पंप लावून ते गटारात सोडले जाते. बांधकाम सुरू असलेल्या एका जागी भर मार्चमध्ये असे निवळशंख पाणी पाइपने रस्त्यालगतच्या गटारात जाताना पाहिले. त्याच रस्त्यावर पिण्याच्या पाण्याचा टँकर उभा होता.

14 एप्रिल 2024

आजची नोंद सविस्तर लिहितो, कारण प्रकल्पाच्या मूळ प्रश्नाचे उत्तर इथे मिळू लागले आहे.

बाणेरमध्ये पहाटेपासून पात्रात मोजपट्टी लावून पाण्याची पातळी पाहिली. पाऊस नाही, वर कुठे विसर्ग नाही, तरीही सकाळी सातनंतर पाणी चढू लागले, आठ ते दहाच्या दरम्यान सर्वांत वर गेले, फेस दिसू लागला, आणि दुपारी बारानंतर ओसरले. साबणाचा वास सकाळी, कांदा-लसणाच्या फोडणीच्या तेलाचा तवंग दुपारच्या सुमारास. जमिनीतून पाझरणारे पाणी असे वागत नाही. ते दिवसभर जवळपास सारखे असते, उलट दुपारच्या उन्हात काठची झाडे पाणी ओढून घेतात तेव्हा किंचित कमी होते. सकाळी आठ ते दहा ही शहराच्या अंघोळीची, कपड्यांची आणि भांड्यांची वेळ आहे. नदीची पातळी घरांतल्या नळांबरोबर वर-खाली होत असेल, तर तिथे वाहणारे पाणी नळांचेच आहे.

हिशेबही जुळतो. शहरी पाणीपुरवठ्याचा प्रचलित निकष माणशी दररोज 135 लिटर असून त्यातले साधारण 80 टक्के पाणी सांडपाणी म्हणून बाहेर पडते असे धरतात. एक हजार सदनिका आणि घरटी चार माणसे घेतली, तर दिवसाला 5 लाख 40 हजार लिटर वापर आणि 4 लाख 32 हजार लिटर सांडपाणी होते. दिवसाचे 86,400 सेकंद धरले की हा प्रवाह बरोबर सेकंदाला 5 लिटर येतो. उन्हाळ्यात एखाद्या छोट्या ओढ्यात एवढे पाणी खेळत राहिले तर तो वाहता दिसतो. सोसायटीचा प्रक्रिया प्रकल्प बंद असेल, किंवा पात्रालगत टाकलेल्या ड्रेनेज लाइनचे चेंबर तुंबून वाहत असेल, तर हे सगळे थेट नदीत येते.

आता हे पाणी मूळचे कुठले ते पाहू. महापालिकेच्या हद्दीतल्या नळांना खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या धरणांचे पाणी येते आणि ही धरणे मुठेच्या खोऱ्यात आहेत. रामनदी मुळेची उपनदी. म्हणजे मुठेच्या खोऱ्यात अडवलेले पाणी घरांतून फिरून रामनदीमार्गे मुळेत जाते आणि संगमापाशी पुन्हा मुठेला भेटते. धरणाखाली मुठेचे पात्र उन्हाळ्यात ओस पडते, इकडे रामनदी मैल्याने भरते. दोन्ही नद्यांना आपापला मूळचा प्रवाह राहिलेला नाही, आणि दोन्हींचे कारण एकच पाणीपुरवठा योजना आहे, हे नकाशावर बोट फिरवून पाहिल्याखेरीज ध्यानात येत नाही.

5 मे 2024

पाण्याच्या प्रकृतीची नोंद. अंघोळीसाठी योग्य समजल्या जाणाऱ्या नदीत विरघळलेला प्राणवायू लिटरमागे किमान 5 मिलिग्रॅम आणि बीओडी, म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना जिवाणू वापरतात तो प्राणवायू, जास्तीत जास्त 3 मिलिग्रॅम असावा, असा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष आहे. कच्च्या मैलापाण्याचा बीओडी साधारण 200 ते 300 असतो. हे पाणी नदीत मिसळून बीओडी 3 पर्यंत खाली आणायचा तर किती स्वच्छ पाणी लागेल, याचे गणित गटातल्या मुलांकडून करून घेतले. नदीच्या चांगल्या पाण्याचा बीओडी 1 आणि मैल्याचा 250 धरला, तर मैल्याच्या सुमारे 120 पट स्वच्छ पाणी लागते. हजार सदनिकांच्या 5 लिटरसाठी सेकंदाला 600 लिटर. मेमध्ये रामनदीत असे पाणी कुठेही नाही.

यापुढचा आकडा अधिक विचार करायला लावणारा आहे. मैल्यावर उत्तम प्रक्रिया करून त्याचा बीओडी 10 वर आणला, तरी त्याला साडेतीन पट स्वच्छ पाण्याची जोड लागते. नदीचे स्वतःचे पाणी शून्यावर आले असेल, तर चांगला चालणारा प्रक्रिया प्रकल्पसुद्धा नदीला नदी बनवू शकत नाही. प्रक्रियेचे महत्त्व याने तसूभरही कमी होत नाही. पण पुनरुज्जीवन म्हणजे एसटीपी (मैलापाणी प्रक्रिया प्रकल्प) बांधणे, हे समीकरण अपुरे आहे.

खाटपेवाडीच्या बाजूला अजून चतुर आणि टाचण्या हे पाण्याकाठचे कीटक दिसतात, दगड उलटला की पाण्यातल्या किड्यांची पिले चिकटलेली सापडतात. बाणेरला दगड उलटल्यावर काळा चिखल, कुजकट वास आणि त्यात वळवळणाऱ्या लाल अळ्या. या अळ्यांच्या रक्तात प्राणवायू धरून ठेवणारे द्रव्य असते, म्हणून त्या तिथे तग धरतात आणि बाकीचे जीव धरत नाहीत. शेकाट्यांचा मोठा थवा त्याच चिखलात चरत होता. पक्षी पाहून पुलावरचे लोक आनंदाने फोटो काढत होते. परंतु शेकाट्यांची गर्दी ही अनेकदा मैल्याने पोसलेल्या चिखलाची खूण असते. पाषाण तलावावर जलपर्णी पसरली आहे आणि तिचेही खत हेच: मैल्यातले नायट्रोजन आणि फॉस्फरस.

9 जून 2024

काल शहरात जोरदार पाऊस झाला. पहिल्या लोंढ्याचे पाणी बाटलीत भरले: काळे, वर तेलाचा तवंग, तळाशी टायरची भुकटी आणि बारीक वाळू. उन्हाळाभर रस्त्यांवर साचलेले सगळे पहिल्या पावसात नदीत येते. प्राणवायू आधीच कमी असतो, त्यात हे पडते, म्हणून माशांचा खच पडण्याच्या घटना पुष्कळदा पहिल्या पावसात घडतात.

26 जुलै 2024

24 आणि 25 जुलैच्या पावसाने पुण्यात हाहाकार उडवला. शिवाजीनगरला 24 तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस नोंदला गेला, खडकवासल्यातून मोठा विसर्ग झाला आणि सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी शिरले. सगळी चर्चा धरणाच्या विसर्गाभोवती चालू आहे आणि मुठेच्या बाबतीत ती रास्तही आहे. रामनदीवर मात्र पूर सोडणारे मोठे धरण नाही. तिचा पूर तिच्याच टेकड्यांवर, रस्त्यांवर आणि गच्च्यांवर तयार होतो.

एक हेक्टर जमिनीवर 50 मिलिमीटर पाऊस पडला की 5 लाख लिटर पाणी होते. गवताळ उतार असेल तर त्यातला मोठा भाग मुरतो आणि उरलेले पाणी रमतगमत ओढ्याला येते. त्याच जागी इमारत, पार्किंग आणि डांबर आले तर दहापैकी नऊ भाग पाणी वाहून जाते, आणि तेही पावसाळी गटारांतून काही मिनिटांत. पुराची उंची केवळ पाणी किती यावर ठरत नाही, ते किती वेळात आले यावरही ठरते. म्हणून आजूबाजूला सिमेंट वाढले की तेवढ्याच पावसात पूर जास्त उंच येतो आणि लवकर येतो.

दुसरीकडे पात्र अरुंद झालेले. काठावर भराव, राडारोडा, दोन्ही बाजूंना काँक्रीटच्या भिंती. निळी पूररेषा साधारण 25 वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा 100 वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची. पण ज्या पावसावरून आणि ज्या जमिनीवरून या रेषा आखल्या जातात, ती जमीनच दहा वर्षांत बदलत असेल, तर रेषा कागदावर जुनी पडते आणि परवानगी मात्र तिच्याच आधारे दिली जाते. ऑक्टोबर 2010 च्या ढगफुटीसारख्या पावसात रामनदीने, आणि 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आंबिल ओढ्याने, लहान प्रवाह काय करू शकतात ते पुण्याला दाखवले आहे. आंबिल ओढ्याच्या त्या रात्री माणसे गेली, घरे गेली. त्या घटनेबद्दल लिहिताना केवळ अतिवृष्टीला दोष देणे मला मान्य नाही.

पाषाणमध्ये पूर ओसरल्यावर काठावर गेलो. पाण्याने कुंपणाच्या जाळीला प्लॅस्टिक, उशा, थर्माकोलचे ताट, एक लाकडी देव्हारा असे लटकवून ठेवले होते. भिंत बांधलेल्या टप्प्यात पाण्याला पसरायला जागा मिळाली नाही, म्हणून भिंत संपते तिथला मातीचा काठ खरवडून निघाला आहे. त्या काठावरचे मोठे करंज मुळांसह कलले आहे. भिंतीने एका सोसायटीचे रक्षण केले आणि नुकसान खालच्या माणसाकडे ढकलले.

6 ऑक्टोबर 2024

पाऊस परतीच्या वाटेवर. आजपासून पाणी कसे ओसरते याच्या नोंदी सुरू. पूर मोजण्यापेक्षा हे ओसरणे मोजणे मला अधिक महत्त्वाचे वाटते, कारण जमिनीने किती साठवले ते यातूनच कळते. निरोगी खोऱ्यात पाऊस थांबल्यावरही प्रवाह हळूहळू उतरत हिवाळ्यात जातो. जिथे पाणी मुरलेच नाही तिथे तो झपाट्याने पडतो. जुलैत उंबऱ्याशी आलेले पाणी आणि मार्चमध्ये दाराशी आलेला टँकर, ही एकाच बिघाडाची दोन टोके आहेत. प्रशासनात पूर एका खात्याकडे, पाणीपुरवठा दुसऱ्याकडे आणि मैलापाणी तिसऱ्याकडे असल्यामुळे हा संबंध कोणाच्याच फायलीत येत नाही.

24 नोव्हेंबर 2024

खाटपेवाडीखालच्या पहिल्या जागेवर प्रवाह ऑक्टोबरच्या तुलनेत बराच उतरला आहे, पाणी नितळ आणि वाहकता कमी. बावधनच्या पुढे प्रवाह पुन्हा वाढतो आणि वाहकताही त्याच जागी चढते. मधल्या टप्प्यात मोठा उपओढा नाही. प्रवाह वाढतो तिथे पाणी बिघडते, याचा अर्थ वाढ झऱ्यांची नाही. वरच्या आणि खालच्या जागांची ही जोडी आता दर महिन्याला मोजायची आहे.

एका सोसायटीच्या समितीसमोर हे आकडे ठेवले. अध्यक्ष काकांनी विचारले की पाइप बंद केल्यावर नदी कोरडीच पडणार असेल, तर लोकांना ते आवडेल का? प्रश्न प्रामाणिक होता. मी सांगितले की काही काळ तसे होईल. या प्रदेशातले लहान ओढे पूर्वीही उन्हाळ्यात सलग वाहत नसत. डोहांमध्ये पाणी राही, डोहांच्या मधले पात्र कोरडे असे आणि मासे, कासवे, पाखरे त्या डोहांवर उन्हाळा काढत. चार महिने डोहांपुरती उरणारी स्वच्छ नदी आणि बारा महिने वाहणारा मैला, यांतून निवड करायची असेल तर ती समजून करावी. डोह टिकायचे असतील तर टेकड्यांचे उतार मोकळे राहिले पाहिजेत, झऱ्यांच्या वरच्या बाजूला खोदकाम थांबले पाहिजे आणि बोअरचा उपसा मोजला गेला पाहिजे. बैठक लांबली, पण सोसायटीने आपल्या दोन्ही बोअरवर मीटर बसवण्याचा ठराव केला.

15 डिसेंबर 2024

पुढील कामे. फेब्रुवारीपासून वरची आणि खालची जागा एकाच दिवशी, पहाटे आणि सकाळी नऊला, अशी दोनदा मोजायची, म्हणजे घरगुती सांडपाण्याचा वाटा आकड्यात मांडता येईल. बोअरचे मीटर बसलेल्या सोसायटीकडून दरमहा वाचन घ्यायचे, आणि तिच्या टँकरची संख्या व प्रक्रिया प्रकल्पातून बाहेर पडणारे पाणी त्याच तक्त्यात लिहायचे. झऱ्यांच्या जागा नकाशावर टाकून तो नकाशा दोन्ही कार्यालयांना एकाच पत्राने द्यायचा. बाणेरची मोजपट्टी पुरात वाहून गेली आहे. नवी पट्टी पुलाच्या खांबावर रंगाने आखण्यासाठी परवानगीचा अर्ज सोमवारी करायचा.